‘श्रद्धेनं केलं’ म्हणून गुन्हा माफ होतो का?

(दिंडीच्या शतकमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)





दिंडीला शंभर वर्षं झाली त्या सोहळ्यात वकिलानं काय बोलायचं, असं मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “निरूपणाला महाराज आहेत. तुम्ही कोर्टातलं सांगा, पण आपल्या कामाचं सांगा.” म्हणून मी विषय तोच घेतला, जो मला वारीत सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. वाल्ह्याच्या मुक्कामात कुणीतरी विचारतं, नातेपुत्यात कुणीतरी विचारतं, आणि भंडीशेगावला पाय दाबत बसल्यावर तर हमखास. “वकीलसाहेब, माणसानं एखादी गोष्ट देवासाठी केली, श्रद्धेनं केली, मनात पाप नव्हतं, तर तो गुन्हा कसा?”

प्रश्न खोडसाळ नाही. आपल्या संप्रदायात भावाला मोठी किंमत आहे. पांडुरंगाला काय वाहिलं यापेक्षा कशा मनानं वाहिलं, हे आपण बघतो. त्यामुळं आपल्या माणसाला वाटतं की कोर्टही मनच बघत असेल. आणि कोर्ट मन बघतंच. भिंत बांधताना हातातून वीट निसटून कुणाच्या डोक्यात पडली आणि कुणी नेम धरून वीट मारली, यात कायदा फरक करतो तो मन बघूनच. पण कायदा आधी मनातली एकच खोली उघडतो. तुला काय करायचं होतं, एवढंच तो विचारतो. कशासाठी करायचं होतं, हा प्रश्न बहुतेक वेळा नंतर, शिक्षा ठरवताना येतो. गळा कापायचा होता का? होय. मग बांधाच्या भांडणातून कापलास, दागिन्यासाठी कापलास की देवीला वाहायचा म्हणून कापलास, खून तो खूनच. वकिली भाषेत पहिल्याला हेतू म्हणतात आणि दुसऱ्याला प्रेरणा. बोलताना आपण दोन्हींना ‘हेतू’च म्हणतो, आणि घोळ तिथंच होतो.

आता कुणी म्हणेल, घटनेनं धर्माचं स्वातंत्र्य दिलंय की. दिलंय. पंचविसावं कलम ते देतं. पण त्या कलमाची सुरुवातच अटींनी होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य, आणि घटनेतले बाकीचे मूलभूत हक्क. हे सगळं सांभाळून मग धर्म मानायचा, पाळायचा, सांगायचा. त्याच कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात शीख बांधवांची कृपाण आहे. ती बाळगणं हा त्यांच्या धर्माचा भाग आहे, असं घटनेनं स्वतः लिहून ठेवलं. इथं एक बारकावा लक्षात घ्या. सूट आहे, पण ती कायद्यानं दिलेली आहे, बाळगणाऱ्यानं स्वतःहून घेतलेली नाही. आणि कायदा श्रद्धेच्या मागं काठी घेऊन लागलेला असतो असंही नाही. केरळात यहोवाज विटनेसेस पंथाची तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहायची, पण पंथाच्या शिकवणीमुळं गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. कुणाला इजा नाही, कुणाचा अवमान नाही, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, मग त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचं कारण काय, असा त्या निकालाचा सूर होता.

मुंबई हायकोर्टाचा १९५१ चा एक निकाल आपल्या विषयाचा पाया आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला बंदी घालणारा कायदा झाला होता. केलं तर खटला. तो कायदा धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो, असं कोर्टात मांडलं गेलं. मुद्दा असा होता की हिंदूला परलोकासाठी पुत्र हवा, पहिल्या बायकोला झाला नाही तर दुसरी करणं हे धर्मकर्तव्यच. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढं हे आलं. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, घरात संस्कृत शास्त्रांची परंपरा, त्यांना शास्त्र काय सांगतं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. निकालाचा सारांश माझ्या शब्दांत सांगतो. श्रद्धा ही एक गोष्ट, आणि श्रद्धेपोटी केलेलं आचरण ही दुसरी. मनातल्या श्रद्धेला राज्य हात लावत नाही. आचरण मात्र सुव्यवस्थेच्या, नीतीच्या, आरोग्याच्या किंवा समाजहिताच्या आड आलं तर आचरणानं माघार घ्यायची. आणि पुत्रच हवा असेल तर शास्त्रानंच दत्तकाची वाट ठेवली आहे. कायदा टिकला.

इथपर्यंत सोपं आहे. आता अवघड भागाकडं येऊ.

१९५८ ची गोष्ट आहे. ओरिसात बालासोर जिल्ह्यात रासगोविंदपूर नावाचं गाव. तिथं लढाईच्या काळातली एक ओसाड विमानाची धावपट्टी होती. रात्री तिथं भुतं फिरतात, असं सगळा मुलूख मानायचा. कलकत्त्याहून भंगार खरेदी करायला एक व्यापारी आला, त्याच्याबरोबर त्याचा नेपाळी नोकर. मे महिन्यातल्या एका रात्री ही मंडळी त्या मैदानातून चालली होती. लांब एक मिणमिणता उजेड दिसला, आणि उजेडाभोवती काही आकृत्या हलताना दिसल्या. नोकरानं कुकरी उपसली आणि भुतं समजून धावत जाऊन वार केले. ती भुतं नव्हती. आदिवासी बाया होत्या. कंदील घेऊन मोहाची फुलं वेचायला आल्या होत्या. एक जागेवर गेली, दोघी गंभीर जखमी झाल्या.

खुनाचा खटला झाला आणि तो सुटला. सरकार हायकोर्टात गेलं, तिथंही सुटका कायम राहिली. का? दंड संहितेचं जुनं कलम ७९, आता भारतीय न्याय संहितेत कलम १७. वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक गैरसमज झाला, आणि समजलं तसंच खरोखर असतं तर कृत्य कायदेशीर ठरलं असतं, तर तो गुन्हा नाही. भूत मारणं हा काही गुन्हा नाही! त्याला समोर माणूस आहे हेच माहीत नव्हतं. जास्त काळजी घेतली असती तर प्रसंग टळला असता, असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं. कोर्टानं पाहिलं ते त्या माणसाची समज, त्याची भीती, आणि ती वेळ. त्याच्या आधी, चाळीसच्या दशकात, पाटणा हायकोर्टापुढंही जवळपास असंच प्रकरण आलं होतं. एका बाईला रात्री एक विचित्र आकृती दिसली, पिशाच समजून तिनं वार केला, आणि ती निघाली घरातलीच बाई. तीही सुटली.

हे सांगितलं की मांडवात कुजबुज सुरू होते, “म्हणजे श्रद्धा असली की सुटतो!” थांबा जरा. आता दुसरं चित्र बघा. गावात ताप पसरला, जनावरं मेली. कुणीतरी म्हणालं, अमुक म्हातारी डाकीण आहे. चार जण रात्री तिच्या घरात शिरले आणि तिला संपवलं. त्यांचीही श्रद्धा प्रामाणिक असू शकते. तिच्यामुळंच पोरं मेली, असं त्यांना खरोखर वाटत असेल. पण त्यांना समोर माणूस आहे हे ठाऊक आहे. तिचं नाव ठाऊक आहे, तिचं घर ठाऊक आहे, लहानपणी तिच्या हातचं खाल्लंही असेल. कुकरी चालवणाऱ्याला वाटलं की समोर माणूस नाहीच. या चौघांना वाटतंय की समोरच्या माणसाला मारायचा आपल्याला हक्क आहे. पहिला गैरसमज वस्तुस्थितीचा, दुसरा कायद्याचा. कायद्याच्या गैरसमजाला माफी नाही. डाकिणीच्या नावाखाली बाया मारल्या जातात म्हणून बिहारनं १९९९ मध्ये वेगळा कायदा केला, पुढं झारखंडनंही केला. आपल्याकडं सातपुड्याच्या बाजूला आणि गडचिरोलीकडं हा प्रकार आहे, मनात ‘ते तिकडचं’ म्हणू नका.

नरबळीचं तेच. मराठवाड्यातल्या मंडळींना मानवत सांगायला नको. १९७२ ते ७४ च्या काळात गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून तिथं बाया आणि लहान मुली मारल्या गेल्या, असा तो खटला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काही जण त्यातून सुटले, पण ते त्यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नव्हता म्हणून. बळी देण्यावर विश्वास होता म्हणून कुणी सुटलं नाही. झारखंडात एकानं स्वतःची भरभराट व्हावी म्हणून नऊ वर्षांच्या पोराचा कालीपुढं बळी दिला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी कायम केली. अंधश्रद्धेनं केलं म्हणून शिक्षा हलकी करा, हे तिथं चाललं नाही, उलट ते कृत्य जास्त क्रूर मानलं गेलं. पुढं राष्ट्रपतींनी दयेच्या अर्जावर फाशीची जन्मठेप केली, तो वेगळा अधिकार.

एक वाट राहते, वेडाची. देवानं कानात सांगितलं म्हणून मी केलं, असं सांगणारा माणूस खरोखर मनोरुग्ण असेल, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे समजण्याची ताकदच त्याच्यात त्या क्षणी नसेल, तर जुन्या कलम ८४ नं, आताच्या २२ नं, तो सुटतो. पण ती सूट आजाराला आहे. आणि ते दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते. कोर्ट बघतं की आधी पळवाट शोधली होती का, हत्यार लपवलं का, रक्ताचे कपडे धुतले का. कपडे धुवायची शुद्ध होती, तर वेडाचा बचाव अवघड होतो.

एका तरुण वारकऱ्यानं मला आळंदीत विचारलं होतं, “माउलींनी समाधी घेतली, आज कुणी घेतली तर?” मी त्याला सांगितलं, बाळा, शके १२१८ ची कार्तिक वद्य त्रयोदशी हा काही कुणी पुढं चालवायचा दाखला नाही. आज कुणी समाधी घेतो म्हणून खड्ड्यात बसला, तर त्याला आधी वाचवतात आणि उपचार देतात. खड्डा खणणारे, माती लोटणारे आणि जयजयकार करणारे मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

आता पंढरपूरबद्दल. ‘ही आमची श्रद्धा आहे, परंपरा आहे’ हे वाक्य सगळ्यात जास्त काळ कुठं वापरलं गेलं असेल, तर ते आपल्याच देवाच्या दारात. चोखोबा त्या दाराच्या बाहेर राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, विठ्ठलमंदिर हरिजनांना उघडावं म्हणून. ते बसले तनपुरे महाराजांच्या मठात. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगावी, कारण त्यांना जागा देणारा एक वारकरी मठ होता. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, दार उघडलं. विरोध करणारे काही चोर-लुटारू नव्हते. स्नान-संध्या करणारे होते, शास्त्र वाचलेले होते, आणि देव बाटेल असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण १९५० पासून घटनेचं सतरावं कलम सांगतं की अस्पृश्यता संपली, आणि तिच्या नावाखाली कुणाला अडवणं हा गुन्हा. १९५५ मध्ये त्याचा कायदा आला. तेव्हापासून तीच श्रद्धा घेऊन कुणी देवळाच्या दारात आडवा उभा राहिला, तर त्याला पोलीस नेतात.

पुढं अहमदाबादकडच्या एका पंथानं वेगळा मार्ग काढून पाहिला. आमचा पंथच हिंदू नाही, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही, असं त्यांनी मांडलं. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. हो, तेच साताऱ्याचे.

आता २०१३ चा कायदा. याबद्दल आपल्यात अजून कुरबूर आहे, म्हणून जरा सविस्तर बोलतो. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा प्रतिबंधक कायदा. त्याचा मसुदा वर्षानुवर्षं रखडला, त्याला विरोध करणाऱ्यांत वारकरीही होते. भीती अशी होती की उद्या कीर्तनात चमत्कार सांगितला तर पोलीस येतील, वारीलाच अंधश्रद्धा म्हणतील. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

मी तो कायदा ओळ न ओळ वाचला आहे. तुमच्यापैकी ज्यांचा विरोध आहे त्यांनीही वाचावा, मराठीत आहे. त्यात एक कलम खास आपल्यासाठी असल्यासारखं आहे. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा यांना हा कायदा लागू नाही. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना लागू नाही. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, छापणं, वाटणं यालाही लागू नाही. घरात किंवा देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये कुणाच्या शरीराला इजा न करता केलेली पूजाअर्चा मोकळी. लेकराचे कान टोचणंसुद्धा त्यात लिहून ठेवलंय! मग गुन्हा काय? भूत उतरवायचं म्हणून माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं, अंगात दैवी शक्ती आहे म्हणून लोकांना नागवणं. यातलं कुठलं आपण वारीत करतो? शंभर वर्षांत या दिंडीत कुणी केलं असेल तर दाखवा. तुकोबांनी आणि नाथांनी भोंदूगिरीवर जे कोरडे ओढले, त्यापुढं हा कायदा मवाळच आहे.

या प्रकारचं एक प्रकरण माझ्याकडं आलं होतं. मी आरोपींचा वकील होतो. सुनेला ‘झाड’ धरलं म्हणून भगतानं तिला अंगणात बसवलं, घरच्यांनी हातपाय धरले, आणि ओल्या फोकानं पाठ फोडली. पोरगी वाचली, पण महिनाभर पालथी झोपत होती. सासू कोर्टात रडत होती. तिचं रडणं खरं होतं. “साहेब, मी माझ्या सुनेला नाही मारलं, तिच्यात शिरलेल्याला मारलं.” माझ्या अशिलाची बाजू होती, मी ती मांडली. न्यायाधीशांनी शांतपणे एकच विचारलं, “पण बाई, पाठ कुणाची होती?” त्यावर मला काही उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

देवाच्या नावाची भीती घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे फार जणांना माहीत नसतं. जुनं कलम ५०८, आता ३५४. अमुक कर, नाहीतर तुझ्यावर देवाचा कोप होईल, असा समज करून देऊन माणसाकडून त्याच्या मनाविरुद्ध काही करून घेतलं, तर वर्षभर कैद. १८६० च्या संहितेत याला दिलेलं उदाहरण मोठं गमतीचं आहे: एक माणूस दुसऱ्याच्या दारात ‘धरणं’ धरून बसतो, माझ्या बसण्यानं तुझ्यावर देव कोपेल असं भासवतो. आज पुढारी धरणं धरतात त्याच शब्दाची ही जुनी जात. तेव्हा ब्राह्मण किंवा सावकाराचा माणूस दारात उपाशी बसायचा, आणि घरधन्याला पापाची भीती घालायचा. आजचे बाबा अर्थातच उपाशी बसत नाहीत. आणि हाच कायदा आपलं रक्षणही करतो, हे विसरू नका. शांतपणे चाललेल्या भजन-पूजनात मुद्दाम व्यत्यय आणणं हाही गुन्हा आहे, कलम ३००. तेव्हा भजनाच्या कर्ण्याबद्दल फौजदार आला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद, एवढा नियम. टाळ-मृदंगाला कर्णा लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी तो नव्हताच.

आता जे बोलायला मी खरा उभा राहिलो, ते.

स्वतःच्या अंगावरचं औषध नाकारायचा हक्क शहाण्या, मोठ्या माणसाला आहे. दुसऱ्याच्या अंगावरचं नाकारायचा हक्क कुणालाच नाही, आणि लेकराच्या बाबतीत तर आईबापांनाही नाही. १८९९ मध्ये इंग्लंडात एका बापावर खटला झाला. त्याच्या पंथात औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. तान्हं लेकरू आजारी पडलं, त्यानं प्रार्थना केली, डॉक्टर बोलावला नाही, लेकरू गेलं. बाकी तो बाप चांगला होता, लेकरांवर माया करणारा होता, हे कोर्टानंही मानलं. तरी सदोष मनुष्यवधाचा दोष कायम झाला. आपल्याकडंही हयगयीनं मृत्यू घडवणं हा कलम १०६ खाली गुन्हा आहे, जुन्या ३०४-अ चीच जागा ती.

आपण आषाढात चालतो. पावसाचे दिवस, रानात तंबू, जमिनीवर अंथरूण. मण्यार रात्रीच हिंडते, झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतसुद्धा नाही, फार दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि मग श्वास अडकतो. आपल्या दिंडीत साप चावल्यावर आधी हाक कुणाला जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. आण्णा समोरच बसलेत. चाळीस वर्षं ते उतारा देतात, कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही, रात्री-अपरात्री उठून गेलेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो राहणार आहे. पण आण्णा, तुम्हाला मी हे सगळ्यांसमोर सांगतोय, कारण घरी येऊन सांगितलं तर तुम्ही चहा पाजून विषय बदलाल.

आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी. विषारी चावला तरी दर वेळी पुरेसं विष उतरतंच असं नाही. म्हणून उताऱ्यानं पुष्कळ जण बरे झालेले दिसतात, आणि ते मनापासून सांगतात की आण्णांनी वाचवलं. ज्या दिवशी मण्यार किंवा घोणस पुरं विष सोडून चावेल, त्या दिवशी तासाभराचा उशीर जीव घेईल. आणि २०१३ च्या कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय: कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखायचं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करायचे, हा गुन्हा. पैसे घेतले नाहीत, मन निर्मळ होतं, याला तिथं जागा नाही. आण्णांना जामिनावर सोडवायला मी उभा राहीन, पण त्या गेलेल्या माउलीच्या लेकराला मी काय सांगू?

पण कायदा कुठं बोट ठेवतो ते नीट बघा. रोखायचं आणि त्याऐवजी करायचं, यावर. आण्णा, मंत्र म्हणायला तुम्हाला कुणी रोखलेलं नाही. गाडीत बसून म्हणा. १०८ नंबरला फोन लावायचा, चावलेला पाय हलू द्यायचा नाही, चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, माणसाला आडवं ठेवायचं आणि प्रतिविष असेल त्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. तुम्ही शेजारी बसा, त्याचा हात धरा. भेदरलेल्या माणसाला तुमचा आवाज ओळखीचा आहे, त्याचा उपयोग कुठल्याही डॉक्टरला होईल.

आपल्या दिंडीची नियमावली आजोबांच्या काळापासून एका वहीत आहे. कोण कुठं चालायचं, पंगत कधी, भिशी किती, सगळं त्यात आहे. त्यात मी दोन ओळी लिहून आणल्यात. साप-विंचू चावला किंवा कुणी बेशुद्ध पडलं, तर आधी गाडी, मग बाकी सगळं. आणि अंगात आलं, बाधा झाली म्हणून दिंडीत कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही, बाईमाणूस असो की पोर. कागद विणेकऱ्यांकडं दिलाय. सही करायची ती वाचून करा, कुणाला शब्द बदलायचे असतील तर प्रसादानंतर मी इथंच बसलोय. पहिली सही आण्णांनी करावी अशी माझी विनंती आहे. नाही केली तरी आमचं भांडण होणार नाही, यंदा वाखरीपर्यंत मी रोज त्यांच्याच शेजारी चालणार आहे आणि रोज विचारणार आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.